मोटारीचें पाठांतर

अमरकोशाच्या क्षत्रियवर्गांत रथाच्या अंगोपांगांचीं नांवें दिलेलीं आहेत. चक्र, नेमि, नाभि, अक्ष, कूबर, वरूथ अशी ती मालिका असून पूर्वीच्या पाठशाळांतील मुलें ती तोंडपाठ म्हणत. त्यांपैकीं एकाही मुलानें रथ पाहिलेला नसे. त्यांत बसणें तर दूरच. परंतु कोणत्या अंगास काय म्हणतात, हें झोपेंतून उठवून विचारलें तरी तो सांगूं शके. आज आपली स्थिति नेमकी उलट झाली आहे. अंगणांत मोटार उभी असते, घरांतील दोघेतिघे ती चालवितात, सर्वजण तींत बसतात; आणि तरीही मागच्या काचेवरील बाष्प घालविण्याची कळ कोणती, समोरचें तांबडें चिन्ह कशासाठीं पेटलें आहे, किंवा मागचें दार आंतून कां उघडत नाहीं, असें विचारलें म्हणजे मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात.

मोटार चालवितां येणें ही एक गोष्ट आणि मोटार ओळखीची असणें ही दुसरी. कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर या दोहोंतील अंतर कळून येत नाहीं. तें कळतें आमच्या पेण-रोह्याकडच्या वाटेवर, आणि तेंही पावसांत. पेणहून निघालेली गाडी वडखळला अलिबागचा रस्ता उजवीकडे सोडून नागोठण्यास येते. तेथून रोह्यास जाण्यास दोन वाटा आहेत. एक महामार्गानें सुकेळी खिंड ओलांडून कोलाडला व तेथून उजवीकडे. दुसरी नागोठण्याहूनच भिसे खिंडींतून. गणपतीच्या दिवसांत मुंबईपुण्याकडील हजारों कुटुंबें याच मुलखांतून कोंकणांत उतरतात. महामार्गाच्या रुंदीकरणाचें काम २०११ सालीं निघालें आणि पुढें वर्षानुवर्षें रेंगाळलें, हें या वाटेनें गेलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. अशा वाटेवर एकाएकीं सर आली, समोरची काच धूसर झाली, पुढच्या मालमोटारीनें चिखल उडविला, कीं चालकाजवळ विचार करण्यास दोन पळेंही नसतात. ताशीं ८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत २२ मीटर पुढें जाते. वायपरची कळ शोधण्यांत तीन सेकंद गेले, तर ६६ मीटर रस्ता न पाहतां कापला असा त्याचा अर्थ होतो. म्हणून डोळे रस्त्यावर राहून हातानें आपण होऊन कळ शोधली पाहिजे. यालाच मी पाठांतर म्हणतों. तें जिभेचें नसून हातापायांचें आहे.

कोणी म्हणेल, एक गाडी आली म्हणजे सगळ्या आल्या. तसें नाहीं. १९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या ‘टी’ मोटारीस पायाखालीं तीन पेडलें होतीं खरीं. परंतु डावें गति बदलण्याचें, मधलें गाडी मागें नेण्याचें व उजवें ब्रेकचें होतें, आणि इंधन कमीजास्त करण्याची कळ सुकाणूच्या चक्राजवळ हातानें चालवावी लागे. डावीकडे क्लच, मध्यें ब्रेक व उजवीकडे ॲक्सिलरेटर ही आजची मांडणी १९१६ च्या एका कॅडिलॅक मोटारींत आली, आणि १९२२ सालीं निघालेल्या ऑस्टिन सेव्हन या लहान व स्वस्त गाडीनें तिचा प्रसार केला. आपल्याकडे कुर्ल्यास तयार होणाऱ्या जुन्या प्रीमियर पद्मिनीचा गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर असे. १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० आली आणि तो घरोघर खालीं, दोन आसनांच्या मध्यें, आला. आजही जपानी व कोरियन घडणीच्या गाड्यांत वळण दाखविणाऱ्या दिव्यांची कळ बहुधा उजव्या हाताशीं असते, तर युरोपीय घडणीच्या बऱ्याच गाड्यांत ती डाव्या हाताशीं असते. एका गाडीचा सराव झालेला मनुष्य दुसरींत बसला कीं वळण दाखविण्याऐवजीं वायपर चालूं करतो. रिव्हर्स गिअरची जागाही सर्वत्र एक नसते. तात्पर्य, प्रत्येक नवी गाडी हा नवा धडा समजावा.

हा धडा आसनापासून सुरू होतो. पाठ आसनास पूर्ण टेकवून क्लच तळापर्यंत दाबला असतां गुडघा किंचित् वांकलेला राहिला पाहिजे. त्याच स्थितींत हात पुढें केला तर मनगट सुकाणूच्या चक्राच्या माथ्यावर टेकलें पाहिजे. डोक्यामागील उशी मानेशीं नसून डोक्याच्या उंचीची असावी. मागून धक्का बसला असतां मान वांचविणें हें तिचें काम आहे, झोपेची सोय हें नव्हे. मग आरसे. आंतल्या आरशांत मागची संपूर्ण काच दिसावी. बाहेरच्या आरशांत आपल्या गाडीची कड जेमतेम दिसून बाकी सर्व रस्ता दिसावा. इतकें करूनही बाजूचा कांहीं भाग आरशांत येत नाहीं, म्हणून वळण्यापूर्वीं मान वळवून पाहणें सुटत नाहीं.

पायांचा नियम थोडक्यांत सांगतां येतो. उजवा पाय ब्रेक व ॲक्सिलरेटर या दोहोंचा, डावा केवळ क्लचचा. गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडींत डाव्या पायास काम नाहीं. त्यास स्वस्थ बसूं द्यावें. एकाच पायाकडे दोन कामें दिलीं आहेत तीं मुद्दाम. वेग वाढविणें व थांबविणें एकाच वेळीं घडूं नये हा त्यांतील हेतु. सैल चपला घालून गाडी चालवूं नये, आणि पाण्याची बाटली चालकाच्या पायाशीं लोळूं देऊं नये. ती ब्रेकखालीं अडकली तर ब्रेक असून नसल्यासारखा होतो. २०१९ पासून नव्या मोटारींत चाकें जाम होऊं न देणारी ब्रेकची व्यवस्था सक्तीची झाली आहे. तिला एबीएस म्हणतात. अशा गाडीचा ब्रेक एकदम दाबला म्हणजे पेडल पायाखालीं थरथरतें. तो बिघाड नव्हे. भिऊन पाय उचलूं नये. ब्रेक दाबून धरावा आणि सुकाणूनें वाट काढावी. जुन्या गाडीवर ब्रेक थोडाथोडा दाबून सोडण्याची संवय ज्यांस लागली आहे, त्यांनीं ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी.

खिंड उतरतांना इंधन वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रलमध्यें टाकणारे चतुर लोक आढळतात. त्यांची चतुराई महागाची आहे. गिअर सोडला कीं इंजिनाचा आवर नाहींसा होतो, सगळा भार ब्रेकवर पडतो, ब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक धरीत नाहीं. उताराच्या आधींच खालचा गिअर घालावा. इंजिन बंद करणें तर त्याहून वाईट. ब्रेकला व सुकाणूला मिळणारें यंत्राचें साहाय्य जातें, दोन्ही जड होतात, आणि किल्ली काढल्यास सुकाणू अडकूनही बसतें. चढावर उभी केलेली गाडी हातब्रेकवर ठेवून पहिल्या गिअरमध्यें व उतारावरील गाडी रिव्हर्समध्यें ठेवावी.

आतां दिवे आणि काच. समोरच्या फलकावर निळें चिन्ह दिसत असेल तर दिव्यांचा झोत वर आहे असें समजावें. समोरून गाडी येतांच तो खालीं करावा. तांबडें चिन्ह म्हणजे ‘सुरक्षित जागा पाहून थांबा’ आणि पिवळें म्हणजे ‘लवकर दाखवून घ्या’, एवढा भेद घरांतील सर्वांस ठाऊक असावा. पावसांत खालचा झोत लावावा. धुक्यांत वरचा झोत लावला तर तोच प्रकाश परतून आपल्या डोळ्यांवर येतो. चारही दिवे एकदम लुकलुकविणारी तांबड्या त्रिकोणाची कळ थांबलेल्या गाडीसाठीं आहे. पुष्कळ लोक ती पावसांत चालत्या गाडींत लावतात. त्यामुळें गाडी उभी आहे कीं चालली आहे, आणि वळणार कोणीकडे, हें मागच्यास कळेनासें होतें.

काचेवरील बाष्प हा कोंकणच्या पावसाचा खास प्रसाद. आपल्या श्वासानें व ओल्या कपड्यांनीं आंतली हवा दमट होते आणि थंड काचेवर ती जमते. फडक्यानें पुसल्यास क्षणभर साफ होऊन वर तेलकट पट्टे उमटतात. उपाय असा कीं एसी चालूं करावा, वाऱ्याचा रोख समोरच्या काचेकडे वळवावा आणि आंतलीच हवा फिरविणारी कळ बंद करून बाहेरची हवा आंत घ्यावी. एसी हवेंतील ओल काढून घेतो, म्हणून थंडीच्या दिवसांतही तो येथें उपयोगी पडतो. मागच्या काचेवर बारीक तारा असल्यास त्यांची कळ निराळी असते. या तीन-चार कळा कोठें आहेत हें वडखळ सोडण्यापूर्वीं पाठ असलें पाहिजे.

नागोठण्याची अंबा आणि रोह्याची कुंडलिका पावसाळ्यांत आपलें रूप पालटतात. रस्त्यावरून पाणी वाहत असल्यास कोणतीही कळ कामाची नाहीं. थांबणें हीच कळ. दोन फूट वाहतें पाणी बहुतेक मोटारी उचलून नेतें. पाण्यांत इंजिन बंद पडल्यास तें पुन्हां सुरू करण्याचा हट्ट धरूं नये, कारण आंत शिरलेलें पाणी इंजिन मोडतें. प्रथम पट्टे सोडावे, काचा उघडाव्या व माणसें बाहेर काढावीं. गाडीचें मागाहून पाहतां येईल.

येथपर्यंत चालकाचें झालें. परंतु मागें बसणाऱ्यांचेंही पाठांतर असतें. आज सर्वत्र दिसणारा, खांद्यावरून व कमरेवरून जाणारा पट्टा व्होल्वो कंपनीच्या निल्स बोहलिन या अभियंत्यानें १९५९ सालीं सिद्ध केला, आणि कंपनीनें तो इतरांसही वापरूं दिला. विद्येचें याहून चांगलें दान कोणतें? तरी मागच्या आसनावरील पट्टा आपल्याकडे शोभेची वस्तु झाला आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपति सायरस मिस्त्री यांचा मोटार-अपघातांत अंत झाला. ते मागें बसले होते व त्यांनीं पट्टा लावलेला नव्हता, असें पोलिसांनीं सांगितलें. मागें आजीआजोबा बसतात, नातवंडें बसतात. ‘मागें कशाला पट्टा’ हें वाक्य घरांतून हद्दपार केलें पाहिजे. कायद्यानेंही मागील पट्टा बंधनकारक आहे. २०१९ च्या सुधारणेप्रमाणें चौदा वर्षांखालील मूल सुरक्षितपणें न बांधल्यास १००० रुपये दंड आहे. मूल मांडीवर घेऊन पुढें बसणें हें वात्सल्य नव्हे. अपघातांत पुढील हवेची पिशवी डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं फुगते, आणि मांडीवरचें मूल तिच्या व आपल्या मध्यें सांपडतें.

पेणच्या संदर्भांत आणखी एक सांगणें प्राप्त आहे. येथून गणपतीच्या मूर्ति दूरदूरच्या घरीं जातात, आणि मूर्ति मांडीवर घेऊन पुढच्या आसनावर बसण्याची पुष्कळांची रीत आहे. भाव उत्तम, जागा चुकीची. मूर्ति मागच्या आसनावर नीट टेकवून ठेवावी, शेजारीं घरचें एक माणूस पट्टा लावून बसावें, आणि चालकानें गाडी जपून हांकावी. देवास यांत कांहीं उणें पडत नाहीं.

मागच्या दाराच्या कडेस एक लहानशी खुंटी असते. ती एका बाजूस सरकविली म्हणजे दार आंतून उघडत नाहीं. मुलांसाठीं ही सोय आहे. परंतु मागें केवळ वृद्ध मंडळी असतील तेव्हां ती मोकळी आहे कीं नाहीं हें पाहावें. त्याचप्रमाणें चालकास भोंवळ आल्यास शेजाऱ्यास हातब्रेक कोठें आहे, गाडी कशी बंद करावयाची व त्रिकोणाची कळ कोणती, एवढें माहीत असलेंच पाहिजे. मात्र धांवत्या गाडीचा हातब्रेक एकदम ओढूं नये, मागचीं चाकें घसरतात, हळूहळू ओढावा. काहीं नव्या गाड्यांत दांड्याऐवजीं केवळ बटण असतें, तें आधींच पाहून ठेवावें.

या सर्वांस शिक्षक लावावा लागत नाहीं. प्रवासाच्या आदल्या संध्याकाळीं, गाडी अंगणांत उभी असतां व इंजिन बंद असतां, घरच्यांनीं तींत पंधरा मिनिटें बसावें. चालकानें डोळे मिटावे आणि घरांतील एखाद्या मुलानें विचारावें: ‘वायपर? खालचा झोत? काचेवरचा वारा? हातब्रेक? त्रिकोण?’ प्रत्येक शब्दास हात न चांचपडतां योग्य जागीं गेला पाहिजे. नंतर मागच्या प्रत्येकानें आपला पट्टा स्वतः लावून व सोडून दाखवावा, आजीनेंही. मुलांना या परीक्षेंत परीक्षक होण्याची मोठी हौस असते आणि वडील माणूस नापास झालें तर त्यांचा आनंद विचारूं नका. सुकेळीच्या खिंडींत पावसानें तीच परीक्षा घेण्याऐवजीं घरच्या मुलानें घेतलेली पुष्कळ बरी.