रिकामी सभा : दोष कोणाचा?

संस्था-संघटनांच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत शेवटी एक वाक्य बहुधा ठरलेले असते. गणसंख्येच्या अभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल व त्या सभेस गणसंख्येचे बंधन राहणार नाही. सातपूर, अंबड व नाशिकरोड येथील कामगारांस हे वाक्य एव्हाना पाठ झाले असेल. नियमाची अडचण येऊ नये म्हणून ते घालतात, हे आम्ही जाणतो. परंतु यजमानाने पाहुणे येणार नाहीत असे निमंत्रणपत्रिकेतच छापावे आणि मग पंगत रिकामी राहिली म्हणून पाहुण्यांस बोल लावावा, तशातला हा प्रकार होतो.

सभासद उदासीन आहेत ही पुढाऱ्यांची तक्रार खोटी मात्र नव्हे. करार जवळ आला, दिवाळीचा बोनस ठरावयाचा झाला, किंवा स्वतःच्या हाती आरोपपत्र पडले, म्हणजे युनियनच्या कचेरीची वाट सापडते. एरव्ही ती कोणत्या गल्लीत आहे याचीही आठवण राहत नाही. वर्गणी जेथे पगारातून परस्पर कापली जाते, तेथे तर सभासद व संघटना यांची वर्षानुवर्षे गाठ पडत नाही. लेखणीवर पोट भरणाऱ्या वर्गात, म्हणजे बँका, विमा कचेऱ्या व शाळा यांतील नोकरांत, ही उदासीनता अधिकच शोभत नाही. त्यांस नियम वाचता येतात, जमाखर्च समजतो. तरी सभेच्या दिवशी ते घरी असतात, आणि दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये कराराची चिरफाड करण्यात तेच अग्रभागी असतात.

असे असले तरी उदासीनता हा आपल्याकडील कामगाराचा स्वभावधर्म आहे, हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईत गिरणीकामगारांची संघटना उभी केली, तेव्हा तिच्यापाशी सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियमही नव्हते. सरकारी अहवालाने तसा शेराच मारून ठेवला आहे. तरीही त्या वर्षी कामगारांच्या मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार सह्या पडल्या. पुढे 1890 च्या एप्रिलात भरलेल्या सभेस दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, तीत दोन स्त्रीकामगारही बोलल्या, आणि त्याच वर्षी जूनमध्ये आठवड्याची सुट्टी पदरात पडली. त्या काळी पावती नव्हती, पण माणसे होती. आज पावत्यांची पुस्तके भरलेली आहेत आणि सतरंज्या रिकाम्या आहेत. मधल्या काळात कामगार बदलला की संघटना बदलली, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर आमच्याच जिल्ह्यात फार पूर्वी देऊन झाले आहे. 12 व 13 फेब्रुवारी 1938 रोजी मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू होत, हे त्या भाषणातील वाक्य सर्वांच्या तोंडी आहे. परंतु त्याच भाषणात त्यांनी हिंदुस्थानातील ट्रेड युनियन चळवळ साचलेल्या डबक्यासारखी झाल्याचे सांगून त्याचा दोष थेट पुढाऱ्यांच्या माथी मारला होता, याची आठवण कामगार पुढाऱ्यांस क्वचितच होते. पुढारी भित्रे तरी आहेत, स्वार्थी तरी आहेत, किंवा वाट चुकलेले तरी आहेत, असे त्यांचे निदान होते. आणि ते नुसते निदान करून थांबले नाहीत. रेल्वेतील अस्पृश्य कामगार जन्मभर गँगमनच का राहतो, त्यास पोर्टरची साधी जागाही का मिळत नाही, गिरणीतील विणकाम खाते त्यास का बंद आहे, हे त्यांनी उदाहरणे देऊन विचारले. आणि या अन्यायाविरुद्ध कामगारांच्या म्हणविणाऱ्या संघटनांनी कधी बोट तरी उचलले काय, असा त्यांचा रोख होता. ज्याचे गाऱ्हाणे सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर कधी येत नाही, तो सभेस का यावा?

मनमाडचा हा सवाल आजही जुना झालेला नाही. फक्त त्यातील माणूस बदलला आहे. आज एकाच छपराखाली कायम कामगार, कंत्राटी कामगार व शिकाऊ उमेदवार एकाच यंत्रावर राबतात. करार होतो तो पहिल्याचा. दुसऱ्याचे व तिसऱ्याचे नाव मागणीपत्रकाच्या शेवटच्या कलमात येते, आणि वाटाघाटींत तडजोड करावयाची वेळ आली म्हणजे प्रथम तेच कलम गळते. अशा कारखान्यात संघटनेचा पाया दरवर्षी एका निवृत्तीने अरुंद होत जातो, आणि पुढारी म्हणतात, तरुणांस चळवळीची आस्था नाही! ज्यांस आपण दाराबाहेर ठेवले, त्यांच्याविषयी आत बसून ही तक्रार करणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.

परंतु उदासीनता कायमची टिकत नाही, ही गोष्ट पुढाऱ्यांनी अधिक भयाने लक्षात घ्यावी अशी आहे. एस. टी. महामंडळाचा 2021-22 चा संप फार दूर गेलेला नाही. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस संघटनांच्या कृती समितीने उपोषण केले, महागाई भत्ता व घरभाडे यांविषयी आश्वासन मिळताच ते मागे घेतले, आणि प्रश्न मिटला असे समजून पुढारी घरी गेले. कर्मचारी मात्र गेले नाहीत. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात राज्यभरचे आगार एकामागून एक बंद पडले. सरकारने 24 नोव्हेंबर रोजी मूळ वेतनात अडीच ते पाच हजार रुपयांची वाढ जाहीर केली. तीस पुढाऱ्यांची मान्यता मिळूनही संप मिटला नाही. डिसेंबरात एका संघटनेने संप मागे घेतल्याचे जाहीर केले, आणि तिचा शब्द तिच्या सभासदांनीही ऐकला नाही. वर्षानुवर्षे ज्यांस सभेत बोलावयास मिळाले नव्हते, त्यांनी एकदम सर्वांस अमान्य करून टाकले. विलीनीकरण या एकाच शब्दाभोवती नव्वद हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचे महामंडळ थांबले, आणि त्या गर्दीचे पुढारपण गेले ते कोणत्याही संघटनेने न निवडलेल्या वकिलाकडे. शेवटी उच्च न्यायालयाने 22 एप्रिल 2022 पर्यंत कामावर परतण्यास सांगितले. विलीनीकरण झाले नाही. या साडेपाच महिन्यांत किती घरांत पगार आला नाही, पेठ-सुरगाण्याच्या किती विद्यार्थ्यांची शाळा बुडाली, हा हिशेब कोणत्या पुढाऱ्याने मांडला?

काही लोक या संपास कामगारांच्या जागृतीचा विजय म्हणतात, काही त्यांच्या अविवेकाचा पुरावा. आमच्या मते तो दोन्ही नव्हे. कापडगिरण्यांच्या 1982 च्या संपातही प्रातिनिधिक म्हणून कायद्याने शिक्का मारलेली संघटना एकीकडे व अडीच लाखांच्या आसपास कामगार दुसरीकडे, असेच चित्र होते. कायद्याचा शिक्का आणि सभासदांचा विश्वास या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. आणि विश्वास उडाल्यावर शिक्का उपयोगी पडत नाही, हे दोन्ही वेळा दिसले.

आता तर हा शिक्काच अधिक महाग झाला आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे हजेरीपटावरील 51 टक्के कामगार ज्या संघटनेत असतील तीच वाटाघाटींची एकमेव अधिकारी. तितके कोणाकडेच नसतील तर 20 टक्क्यांच्या हिशेबाने परिषद. संपास 14 दिवसांची नोटीस हवी, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी मिळून घेतलेली किरकोळ रजाही संपच ठरेल. म्हणजे एस. टी. प्रमाणे गर्दीने उठून काम थांबविण्याची वाट कायद्याने अरुंद केली. संहितेतील सर्व गोष्टी आम्हांस पटतात असे नाही. पण तिचा एक परिणाम उघड आहे. टक्के भरण्यासाठी नावे गोळा करण्याची शर्यत लागेल, आणि शर्यतीतले नाव हे बहुधा फॉर्मवरील सहीपुरतेच असते.

म्हणून पुढाऱ्यांकडून आमची मागणी मोठी नाही. 1971 च्या राज्य कायद्याने मान्यताप्राप्त संघटनेवर तीन महिन्यांच्या आत कार्यकारिणी भरविण्याची व ठराव वहीत नोंदविण्याची अट घातली होती. आणि 1926 च्या कायद्यापासून हिशेबाच्या वह्या व सभासदांची यादी पाहण्याचा अधिकार साध्या सभासदास आहे. हा अधिकार किती जणांनी बजावला हे विचारण्यापूर्वी, तो आहे हे किती जणांस सांगितले, हे पुढाऱ्यांनी सांगावे. जमाखर्च सभेच्या आठ दिवस आधी मराठीत फाटकाच्या फलकावर लागावा. सभा पहिल्या व दुसऱ्या पाळीच्या संधीस, कारखान्याजवळ भरावी. रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकास नव्हे. करारावर सही होण्यापूर्वी त्याचा मसुदा पाळीपाळीने वाचून दाखवावा व गुप्त मतदान घ्यावे. एकच गृहस्थ तीन-तीन कारकिर्दी सरचिटणीस राहिले, तर चौथीस त्यांनी स्वतः होऊन उभे राहू नये. कंत्राटी कामगारांस कार्यकारिणीत बसण्याची जागा मिळावी, आणि ती स्त्रीकामगारांसही मिळावी.

सभासदांसही दोन शब्द. पगारातून कापलेली वर्गणी ही दक्षिणा नव्हे की ती देऊन पुण्य लागावे. येत्या सभेस ज्यांस येणे शक्य नसेल त्यांनी निदान हिशेबाची वही पाहण्याचा एक लेखी अर्ज कचेरीत द्यावा आणि त्याची पोच मागावी. अशा दहा अर्जांनी कोणत्या संघटनेत काय होते, ते आम्हांस जरूर कळवावे. नावे गुप्त ठेवून ते आम्ही प्रसिद्ध करू.