क्रेडिट कार्ड बंद केलं की सिबिल स्कोअर खरंच पडतो का? अर्धं खरं, अर्धं रील्सवालं

फेब्रुवारी २०२५ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरची एक बातमी तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन गेली असेल. लग्नाची बोलणी जवळपास पक्की झाली होती, तेवढ्यात मुलीच्या मामांनी मुलाचा सिबिल स्कोअर बघायचा म्हटलं. स्कोअर खराब निघाला, नावावर कर्जं निघाली आणि सोयरीक मोडली. पत्रिकेऐवजी सिबिल जुळवायचे दिवस आले म्हणून त्यावर भरपूर मीम्स फिरले.

मीम्स विरले, पण माझ्या ओळखीतल्या काही पोरांनी गोष्ट मनावर घेतली. नावावरची जास्तीची कार्डं बंद करून टाकू, म्हणजे स्कोअर सुधारेल, असा सरळ हिशोब. त्यातल्याच पुण्यातल्या एका मित्राने गृहकर्जाचा अर्ज करायच्या दोन महिने आधी तीनपैकी दोन कार्डं बंद केली. बिल कधीच थकवलेलं नव्हतं, एक हप्ता चुकलेला नव्हता. तरी स्कोअर खाली आला.

आता याच्या बरोब्बर उलटा सल्ला इन्स्टाग्रामवर मिळतो. 'जुनं कार्ड कधीच बंद करू नका, तुमची सगळी हिस्ट्री पुसली जाते!' मित्राचं बघून हे खरंच वाटेल. पण त्याचा स्कोअर हिस्ट्री पुसल्यामुळे पडलाच नव्हता.

आधी एक गैरसमज. आपण 'सिबिल' म्हणतो ते एका कंपनीचं नाव आहे, ट्रान्सयुनियन सिबिल. भारतात अशा चार क्रेडिट ब्युरो आहेत, बाकीच्या तीन म्हणजे एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. क्रेडिट इन्फर्मेशन कंपनीज कायदा २००५ चा, त्याखाली त्या चालतात. बँका आपल्या ग्राहकांची माहिती त्यांना पाठवतात आणि त्यावरून ३०० ते ९०० मधला आकडा निघतो. चौघींचा आकडा सारखाच येईल असंही नाही.

ही माहिती पूर्वी महिन्यातून एकदा जायची. आरबीआयच्या आदेशानुसार १ जानेवारी २०२५ पासून ती दर पंधरवड्याला जायला लागली, म्हणजे १५ तारखेची स्थिती आणि महिनाअखेरची स्थिती. त्यामुळे कार्ड उघडलं, बंद केलं, लिमिटभर वापरलं, यातलं काहीही आता रिपोर्टमध्ये लवकर दिसतं. चांगलंही आणि वाईटही.

ते ३५ टक्के, ३० टक्के कुठून आले?

'स्कोअरमध्ये ३५ टक्के वाटा वेळेवर परतफेडीचा, ३० टक्के थकबाकीचा, १५ टक्के हिस्ट्री किती जुनी आहे याचा, नवीन कर्जांना १० आणि कर्जाच्या प्रकारांना १०.' हे गणित तुम्ही कुठल्या तरी रीलमध्ये ऐकलं असणार. हे आकडे खरे आहेत, फक्त अमेरिकेतले आहेत. तिकडच्या फायको स्कोअरचं हे वजन आहे आणि आपल्याकडच्या फायनान्सवाल्या पोरांनी ते जसंच्या तसं उचललंय.

सिबिल कोणत्या गोष्टी बघतं ते सांगतं. परतफेड, लिमिटचा वापर, कर्जाचे प्रकार आणि कालावधी, अलीकडे केलेले अर्ज. पण आतलं संपूर्ण सूत्र जाहीर नाही. म्हणून 'कार्ड बंद केलं की ४० पॉइंट जातात' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर तो त्याचा अंदाज समजा.

मित्राचं नेमकं काय चुकलं?

त्याच्याकडे तीन कार्डं होती. लिमिट दोन लाख, एक लाख आणि साठ हजार. वापर फक्त साठ हजारवाल्या कार्डाचा, कारण पेट्रोलवर कॅशबॅक त्यावर मिळायचा. महिन्याचा खर्च साधारण चाळीस हजार.

तीन कार्डं मिळून लिमिट ३ लाख ६० हजार. त्यातले ४० हजार वापरले म्हणजे ११ टक्के. मोठी दोन कार्डं बंद केल्यावर लिमिट उरलं ६० हजार आणि खर्च तेवढाच. वापर झाला ६७ टक्के. माणूस तोच, पगार तोच, खर्चही तोच. पण ब्युरोला दिसलं काय, तर दर महिन्याला लिमिटचा दोन तृतीयांश भाग संपवणारा माणूस.

लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत राहावं असं सर्रास सांगितलं जातं. तो काही आरबीआयचा नियम नाही, ठोकताळा आहे. पण दिशा बरोबर आहे.

इथे बरेच जण म्हणतात, 'मी तर दर महिन्याला पूर्ण बिल भरतो, मला काय फरक पडतो?' पडतो. बँक ज्या दिवसाची स्थिती कळवते त्या दिवशी कार्डावर जी रक्कम दिसते ती जाते. तुम्ही आठ दिवसांनी ती पूर्ण भरणार आहात हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं. ज्यांना लवकरच कर्ज घ्यायचंय त्यांनी बिल निघायच्या आधीच थोडी रक्कम भरून टाकायची, एवढा साधा उपाय आहे यावर.

आणि एकाच बँकेची दोन कार्डं असतील तर बऱ्याचदा दोन्हींना मिळून एकच लिमिट दिलेलं असतं. तिथे एक बंद केलं तरी तुमचं खरं लिमिट तेवढंच राहतं. बंद करण्याआधी कस्टमर केअरला हा एक प्रश्न विचाराच.

राहिला मुद्दा हिस्ट्रीचा. कार्ड बंद केलं की त्याची नोंद त्या दिवशी गायब होत नाही. ब्युरोंना ही माहिती किमान सात वर्षं जपावी लागते, त्यामुळे ते कार्ड 'क्लोज्ड' असं लिहून रिपोर्टमध्ये दिसत राहतं, वेळेवर भरलेल्या महिन्यांसकट. थकवलेले महिनेही तसेच राहतात. त्यामुळे 'खराब रेकॉर्डवालं कार्ड बंद करून टाकलं की सुटलो' हेही डोक्यातून काढा. तुमचं एकमेव कार्ड असेल आणि दुसरं कुठलंच कर्ज नसेल तर मात्र गोष्ट वेगळी, कारण पुढे रिपोर्टमध्ये नवीन काही भरलंच जाणार नाही.

आणि नवीन कार्ड घेतलं तर?

अर्ज केला की बँक तुमचा रिपोर्ट मागवते आणि त्याची 'एन्क्वायरी' म्हणून नोंद होते. अर्ज फेटाळला तरी नोंद राहते. एखादी असली तर कुणी फार मनावर घेत नाही. पण एअरपोर्ट लाउंजच्या हव्यासापोटी महिन्याभरात चार बँकांकडे अर्ज टाकले, तर पाचव्या बँकेला वाटतं की या माणसाला पैशांची फारच निकड दिसतेय. स्वतःचा स्कोअर स्वतः बघितला तर काही होत नाही. रोज बघा हवं तर.

नवीन कार्डाची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. पहिले काही महिने स्कोअर किंचित दबेलही, पण एकूण लिमिट वाढतं. खर्च तेवढाच ठेवला तर वापराची टक्केवारी उतरते. मित्राच्या गणिताच्या अगदी उलट. खर्च तेवढाच ठेवणं हे ज्याचं त्याने बघावं!

मॉलमधल्या स्टॉलवर सही केली आणि नको असताना कार्ड घरी आलं, तर घाबरू नका. आरबीआयच्या २०२२ च्या नियमांनुसार, ३० दिवसांत कार्ड चालू केलं नाही तर बँकेला ओटीपी घेऊन तुमची संमती मागावी लागते. ती नाही मिळाली तर कार्ड विनाशुल्क बंद करावं लागतं. चालू करण्याआधी त्याची माहिती ब्युरोकडे पाठवायलाही परवानगी नाही.

कपाटातलं कार्ड आणि कात्रीने कापलेलं कार्ड

'बंद नको करायला, कपाटात पडू दे' हा मधला मार्गही वाटतो तितका सुरक्षित नाही. वर्षभराहून जास्त काळ कार्ड वापरलं नाही, तर बँक तुम्हाला कळवून ते बंद करण्याची प्रक्रिया सुरू करू शकते. ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर कार्ड बंद. म्हणजे लिमिट गेलंच, आणि तुम्हाला पत्ताही नाही, कारण तो मेल प्रमोशन्सच्या टॅबमध्ये पडलाय. ठेवायचंच असेल तर अधूनमधून एखादा रिचार्ज त्यावर करा.

सगळ्यात महाग पडतो तो कात्रीचा मार्ग. कार्ड कापून कचऱ्यात टाकलं म्हणजे बंद झालं असं समजणारे खूप आहेत. खातं चालूच असतं. पुढच्या वर्षी ४९९ रुपये वार्षिक फी लागते, १८ टक्के जीएसटी धरून ५८९. बिल जुन्या मेलवर जातं. देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला की ते थकीत म्हणून कळवलं जाऊ शकतं. मग महिन्यामागून महिने थकबाकी. लिमिटच्या टक्केवारीने बसलेला फटका दोन-तीन महिन्यांत भरून काढता येतो, थकीत हप्त्याची नोंद वर्षानुवर्षं छळते.

बंद करायचंच ठरलं असेल तर आधी सगळी थकबाकी भरा. कार्डावर ईएमआय चालू असेल तर उरलेली रक्कमही त्यातच येते. ओटीटीचे ऑटो-डेबिट दुसरीकडे वळवा, रिवॉर्ड पॉइंट वापरून टाका, मग विनंती करा. थकबाकी शून्य असेल तर बँकेला सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करावं लागतं. नाही केलं तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे, असा नियम आहे. पोस्टानेच अर्ज पाठवा, अशी सक्तीही करता येत नाही. कस्टमर केअरवाले 'फी माफ करतो, थांबा ना सर' म्हणून अर्धा तास घेतील. तो मात्र नियमात बसतो.

एका शब्दाकडे लक्ष ठेवा, तो म्हणजे 'सेटल्ड'. पैसे भरणं झेपत नाही म्हणून बँकेशी तडजोड करून कमी रकमेवर खातं मिटवलं, तर रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड' नाही, 'सेटल्ड' येतं. वसुलीवाला फोनवर 'बंद करून देतो' म्हणतो तेव्हा नक्की कोणता शब्द लिहिला जाणार, ते लेखी घ्या.

मग बंद करावं की नाही?

माझं मत विचाराल तर येत्या सहा महिन्यांत मोठं कर्ज घ्यायचं नसेल आणि कार्डाची फी नुसती वाया जात असेल, तर खुशाल बंद करा. स्कोअर सांभाळण्यासाठी दरवर्षी हजारो रुपये फी भरत बसण्यात काही शहाणपण नाही.

कर्ज तोंडावर असेल तर मात्र हात लावू नका. उघडूही नका, बंदही करू नका. कारण अनेक बँका गृहकर्जाचा व्याजदर स्कोअर बघून ठरवतात. ४० लाखांचं कर्ज, २० वर्षं, दर साडेआठ टक्के धरला तर हप्ता साधारण ३४,७१३ रुपये येतो. दर फक्त पाव टक्का वाढला तर ३५,३४८. महिन्याला साडेसहाशेच्या आतला फरक, पण २० वर्षांत दीड लाखांच्या वर.

चारही ब्युरोंना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. बंद केलेलं कार्ड महिन्या-दोन महिन्यांनी तिथे 'क्लोज्ड' दिसतंय का आणि थकबाकी शून्य आहे का, एवढं बघा. चुकीचं असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

मित्राने पुढे काय केलं? घराचा अर्ज थांबवला, पेट्रोल सोडून बाकी सगळा खर्च यूपीआयवर नेला आणि कार्डाचं बिल निघायच्या आधीच पैसे भरायला लागला. तीन महिन्यांनी स्कोअर जवळपास जागेवर आला. तोपर्यंत बिल्डरने मात्र भाव वाढवला होता.