येताना किती घाई, जाताना किती घाई!

परदेशी कंपनी आपल्याकडे आली की बातमीचा मथळा ठरलेला असतो. 'अवघ्या इतक्या महिन्यांत कारखाना उभा!' सोबत फीत, नारळ आणि पुढाऱ्यांचे हसरे फोटो. मला त्या 'अवघ्या' शब्दाचीच धास्ती वाटते. का, ते सांगतो.

मी दापोडीचा. हॅरिस पूल ओलांडून पिंपरीकडे निघालं की सँडविक, अ‍ॅटलास कॉप्को, अल्फा लावल या पाट्या बघत आम्ही मोठे झालो. तिन्ही स्वीडनच्या. पण त्या परदेशी आहेत हे आमच्या कुणाच्या डोक्यातही यायचं नाही, इतक्या त्या इथल्या झाल्या होत्या.

गंमत म्हणजे १९७५ साली स्वीडनमधल्या दोन अभ्यासकांनी, कंपन्या परदेशात पाय कसे रोवतात यावर एक निबंध लिहिला. त्यासाठी निवडलेल्या चार कंपन्यांपैकी दोन आमच्या दापोडीच्या शेजारणी, सँडविक आणि अ‍ॅटलास कॉप्को! निष्कर्ष साधा होता. आधी माल पाठवायचा, मग एजंट नेमायचा, मग स्वतःचं विक्री ऑफिस आणि शेवटी कारखाना. बाजार शिकत शिकत पुढचं पाऊल टाकायचं. यातूनच पुढे 'उप्साला मॉडेल' प्रसिद्ध झालं. नंतरच्या पंडितांना हे फारच संथ वाटलं, आणि वेग हाच गुण ठरला.

आता तळेगावला चला. जनरल मोटर्सचा कारखाना सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ अखेर कंपनीने भारतात गाड्या विकणंच थांबवलं. डिसेंबर २०२० मध्ये, निर्यातीसाठी चालू असलेलं उत्पादनही बंद. बारा वर्षांत खेळ खलास! हजारावर कायम कामगार कोर्टकचेऱ्या आणि उपोषणं करत राहिले. जागा आणि यंत्रं घ्यायला मात्र ह्युंदाई मिळाली, २०२३ मध्ये करारही झाला. यंत्राला नवा मालक मिळतो हो, पंचेचाळिशीच्या फिटरला कोण घेतो?

उलट मर्सिडीज बघा. १९९५ ला पिंपरीत टेल्कोच्या आवारात गाड्या जोडायला लागली. चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली ती २००९ मध्ये. चौदा वर्षं भाड्याच्या घरात काढावीत, तसं.

भोसरीत माझ्या एका मित्राचं छोटं वर्कशॉप आहे. अशाच एका घाईत आलेल्या कंपनीच्या पुरवठादाराने त्याला सांगितलं, ऑर्डर दुप्पट होणार, नवी पॉवर प्रेस घे. त्याने घर गहाण टाकून घेतली. अडीच वर्षांत ते मॉडेलच बंद झालं. कंपनीच्या ताळेबंदात तो एका ओळीचा तोटा असेल. मित्राचे हप्ते मात्र सात वर्षं चालले. त्या गाडीचे डाय अजून त्याच्या शेडमागे गंजत पडलेत. भंगारात घालायला त्याचा हात होत नाही.

कुणी म्हणेल, पूर्वी लायसन्स राज होतं, संथपणा सक्तीचा होता. मान्य. त्या कंपन्या काही संत नव्हत्या. पण त्याच सक्तीच्या काळात, १९७७-७८ मध्ये, कोका-कोला आणि आयबीएम निघून गेल्या आणि या स्वीडिश कंपन्या राहिल्या. कायदा सगळ्यांना एकच होता.

घाईने येणाऱ्याला हाकलून द्या असं मी म्हणत नाही. नोकऱ्या हव्यातच. पण सरकार करात सवलत देतं, जमीन देतं, तर येण्याच्या करारातच जाण्याच्या अटी का लिहून घेत नाही? कामगाराला काय मिळणार, छोट्या पुरवठादाराच्या कर्जाचं काय होणार, हे पहिल्याच दिवशी ठरू दे. लग्नाच्या याद्या करताना आपण मानपानसुद्धा लिहून घेतो!

असो. पुढच्या वेळी 'अवघ्या' असा मथळा दिसला, तर फीत कापणाऱ्यांना एवढंच विचारा : हे गेले तर हप्ते कोण भरणार?