दुसरीतल्या मुलीचा ताप

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,



2025 च्या एप्रिलमध्ये माझ्या मुलीला ताप आलेला नव्हता. शाळेला मात्र आम्ही ताप आल्याचं कळवलं. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला, पाच दिवस सक्त विश्रांतीचा. त्या पाच दिवसांत ती कुडाळजवळ आमच्या गावी, आजीच्या मागे मागे काजूच्या बागेत फिरत होती. ती तेव्हा दुसरीत होती, सात वर्षांची. या खोट्याबद्दल मला लाज वाटते आणि म्हणूनच हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

झालं असं. आम्ही डोंबिवलीत राहतो. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण 120 दिवसांऐवजी 60 दिवस आधी सुटतं. उन्हाळ्यात कोकणात जाणाऱ्या गाडीचं तिकीट काढणं म्हणजे काय, हे मुंबईत राहणाऱ्या कोकणी माणसाला वेगळं सांगायला नको. सकाळी आठच्या ठोक्याला दोघांनी दोन फोन घेऊन बसायचं आणि चार मिनिटांत वेटिंग लागलेलं पाहायचं. त्या वर्षी नशिबाने 19 एप्रिलची चार तिकिटं कन्फर्म मिळाली. एरवी शाळेची परीक्षा एप्रिलच्या मध्याला आटोपते, त्या हिशेबाने ती काढली होती. मग राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं वेळापत्रक आलं. पहिली ते नववीच्या परीक्षा 8 ते 25 एप्रिल, निकाल 1 मे.

परीक्षा लवकर उरकल्या की वर्ग ओस पडतात आणि शिकवण्याचे दिवस वाया जातात, हे त्यामागचं कारण मला मान्य आहे. दिवस वाया जाऊ नयेत असं मलाही वाटतं. पण जून महिन्यात जे सांगता आलं असतं ते वर्ष संपत आल्यावर कळलं, आणि घराघरांत एकच प्रश्न उभा राहिला: तिकीट रद्द करायचं की पेपर बुडवायचा? दुसरं तिकीट मिळण्याची आशा नव्हती. यांची रजा मंजूर झालेली होती, ती पुढे सरकणार नव्हती. गावी सासूबाई रोज फोनवर नातीला विचारत होत्या, "कधी येतलंस गो?"

मी आधी खरं बोलून पाहिलं. वर्गशिक्षिकांना भेटले आणि परीक्षा दोन दिवस आधी किंवा जूनमध्ये तोंडी घ्याल का, असं विचारलं. बाई भल्या आहेत. हळू आवाजात म्हणाल्या, "गावाला जायचंय असा अर्ज मला घेता येत नाही. आजारपणाचा असेल तर घेता येतो." त्यांचा दोष नाही. त्यांच्या रकान्यात तेवढीच सोय होती. आमच्या डॉक्टरांनी मुलीला न तपासता दाखला लिहून दिला. तो लिहिताना ती समोरच्या खुर्चीत पाय हलवत बसली होती. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "मला ताप आहे?"

महोदय, ती परीक्षा नेमकी कशासाठी होती? शिक्षण हक्क कायद्याने लहान वर्गांतल्या मुलांना नापास करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेची अट आली, दुसरीला नाही. शिवाय 2010 पासून आपण सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन मान्य केलेलं आहे, म्हणजे मूल वर्षभर जे वाचतं, बोलतं, करतं त्यावर त्याची नोंद व्हायची. माझी मुलगी जोडाक्षरं वाचते आणि वजाबाकीत हातचा घेताना अजून अडखळते, हे तिच्या बाईंना फेब्रुवारीतच ठाऊक होतं.

गावात ती फार काही शिकली, असा दावा मी करणार नाही. प्रवास म्हणजे मोठी शाळा वगैरे बोलायला सोपं असतं. ती आजीपाशी होती, एवढंच. सकाळी दोघी परडी घेऊन बाहेर पडायच्या. झाडाखाली पडलेले बोंडू गोळा करायचे, पीळ देऊन बी वेगळी करायची, बी परडीत आणि बोंडू गुरांना. सासूबाईंना आता खाली वाकवत नाही. त्या काठीने दाखवायच्या आणि ही उचलायची. सासूबाई त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत. अशी किती वर्षं मिळणार, याचं वेळापत्रक कुणापाशीच नाही.

एकदा तिने ओली बी दाताने फोडायचा प्रयत्न केला आणि ओठाखाली चीक लागला. तिथे काळपट डाग उठला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हाही तो पुरता गेलेला नव्हता. पहिल्या दिवशी फाटकापाशी बाई भेटल्या. "एप्रिलमध्ये बरं नव्हतं ना तुला?" त्यांनी विचारलं. मुलीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःचा हात कपाळावर ठेवला आणि म्हणाली, "हो, ताप होता." बाईंची नजर त्या डागावर गेली. त्या काही बोलल्या नाहीत, तिची वेणी सारखी केली आणि आत घेऊन गेल्या. मी बराच वेळ तिथेच उभी होते. आमच्या घरात खोटं बोललं की मार नसतो, पण अबोला असतो. त्या दिवशी कुणी कुणाशी अबोला धरायचा होता?

आपल्या खात्याला अशी सवलत परकी नाही. वर्षभराच्या सुट्ट्या 76 दिवसांच्या आत ठेवून, उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी कमी करून ती गणेशोत्सवाला किंवा नाताळला देण्याची मुभा सुट्ट्यांच्या परिपत्रकात असतेच. गाव, सण आणि माणसं यांना शाळेच्या वर्षात जागा आहे, हे आपण जिल्ह्याच्या पातळीवर मानलेलं आहे. ते एका मुलाच्या पातळीवरही मानावं, एवढंच मागणं आहे. पहिली ते चौथीच्या मुलांना वर्षातून पाच दिवस, आधी लेखी कळवून, खऱ्या कारणाची रजा मिळावी. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरी येते तीही शनिवार-रविवार पाहून येत नाही. बुडालेलं मूल्यमापन बाईंनी आपल्या सोयीने, तोंडी का होईना, घ्यावं. आणि वर्षाची शेवटची तारीख जूनमध्ये जाहीर झाली की ती बदलू नये.

यातून पळवाट निघेल, ही भीती मलाही आहे. बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं दिवाळीनंतर कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीत, जातात आणि त्यांची शाळा महिनोन्महिने तुटते. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं आणि शिक्षण हमी कार्ड काढावं लागलं. माझ्या मुलीचे पाच दिवस आणि त्या मुलांचे पाच महिने एका मापाने मोजू नयेत. पण आज हजेरीपटावर गावाला गेलेलं मूल आणि खरोखर आजारी असलेलं मूल एकाच रकान्यात बसतं. खरं कारण लिहिता आलं, तर कोणतं मूल कशामुळे आणि किती दिवस शाळेपासून लांब आहे, हे आपल्याच खात्याला स्वच्छ दिसेल.

मुलगी आता तिसरीत आहे. एप्रिलची तिकिटं फेब्रुवारीत सुटतील. परवा रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तिने विचारलं, "आई, या वर्षी मला काय झालेलं असणार?" मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही.

आपली नम्र,
तिसरीतल्या एका मुलीची आई, डोंबिवली