भागीदारीच्या याद्या आम्हालाही वाचू द्या

मा. महासंचालक,
भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर), नवी दिल्ली
यांस



एखाद्या कंपनीची क्षयरोगाची नवी मॉलेक्युलर चाचणी सरकारी कार्यक्रमात यायची, तर तिला आधी आयसीएमआरचा शिक्का लागतो. कंपनीला शिक्का हवा, तुम्हाला चाचणी हवी, म्हणून भागीदारी होते. मग फोटो छापून येतो, प्रसिद्धिपत्रक येते, पण करार कुणाच्या हाती लागत नाही. हे पत्र त्या कराराविषयी आहे.

जीनएक्स्पर्ट यंत्राची कथा आपल्याला माझ्याहून नीट ठाऊक असणार. आपल्या जिल्हा रुग्णालयांत त्याच्या चाचणीला सगळे सीबीनॅट म्हणतात. तरीही ती कथा इथे मांडतो, कारण तिच्यात मुंबईचा वाटा आहे आणि त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. 2001 साली अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू धाडले गेले. त्यानंतर तिथल्या टपालखात्याने जंतू हुडकणारी जी यंत्रणा बसवली, तिच्या पोटात कॅलिफोर्नियातल्या सेफेइड कंपनीचे तंत्र होते. हे तंत्र क्षयरोगाकडे वळवण्यासाठी जिनिव्हाची फाइंड ही ना-नफा संस्था, न्यू जर्सीतल्या वैद्यकीय विद्यापीठाची प्रयोगशाळा, अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्था आणि गेट्स फाउंडेशन एकत्र आले. पैसा बराचसा सार्वजनिक आणि देणगीचा होता. निर्णायक परीक्षा 1730 रुग्णांवर झाली आणि तिचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण लिमा, बाकू, केप टाउन, डर्बन आणि मुंबईचे होते. मुंबईतले केंद्र हिंदुजा रुग्णालय. म्हणजे आज जगभर विकल्या जाणाऱ्या या चाचणीचा खरेपणा सिद्ध करायला जे बेडके लागले, त्यांतले काही आपल्या माणसांचे होते.

चाचणी उत्तमच होती, यात वाद नाही. कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून पाहण्यासाठी, आठवडेच्या आठवडे थांबणाऱ्या डॉक्टरला दोन तासांत कळू लागले की क्षय आहे का आणि रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल का. 2010 च्याच डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली. अडचण दराची होती. गरीब देशांना सवलतीतही प्रत्येक चाचणीला लागणारे एक कार्ट्रिज 16.86 डॉलरला पडत होते. मग 2012 मध्ये अमेरिकी सरकारच्या दोन यंत्रणा, युनिटएड ही आंतरराष्ट्रीय संस्था आणि गेट्स फाउंडेशन यांनी मिळून सेफेइडला 1 कोटी 11 लाख डॉलर मोजले, तेव्हा दर 9.98 डॉलरवर आला. ज्यांच्या पैशातून चाचणी घडली, त्यांनीच ती स्वस्त व्हावी म्हणून पुन्हा खिशात हात घातला!

पुढची दहा वर्षे तो दर तसाच राहिला. कार्ट्रिजचा खप कितीतरी पटींनी वाढला, 2016 मध्ये डॅनहर या बड्या समूहाने सेफेइड सुमारे 400 कोटी डॉलरला विकत घेतली, तरी 9.98 चे 9.97 झाले नाहीत. 2019 मध्ये मेदसाँ साँ फ्राँतिए या डॉक्टरांच्या संघटनेने हिशेब मांडला की मोठ्या प्रमाणावर काढलेल्या कार्ट्रिजचा उत्पादनखर्च पाच डॉलरच्या आत बसतो. 2021 मधल्या एका शोधनिबंधाने या तंत्रात गेलेला सार्वजनिक पैसा मोजला, तो 25 कोटी डॉलरहून जास्त भरला. दर हलला तो सप्टेंबर 2023 मध्ये. जॉन ग्रीन या अमेरिकी कादंबरीकाराने इंटरनेटवरच्या आपल्या चाहत्यांना हाक दिली, रुग्णसंघटना आधीपासून झगडत होत्याच, आणि कंपनीने 7.97 डॉलर जाहीर केला. बहुऔषधप्रतिरोधाच्या पुढची पायरी ओळखणारे कार्ट्रिज मात्र 14.90 डॉलरवरच ठेवले.

यात डॅनहरला खलनायक ठरवणे सोपे आहे. मी तसे करणार नाही. धोका पत्करून कारखाना उभारणारी कंपनी नसती तर चाचणी शोधनिबंधातच राहिली असती. आणि कंपनीने जे केले ते कराराने तिला करू दिले. खप वाढेल तसा दर उतरेल, कंपनी विकली गेली तरी नव्या मालकावर अटी बंधनकारक राहतील, एवढे सुरुवातीलाच पक्के केले असते तर कादंबरीकाराला मैदानात उतरावे लागले नसते. आपल्याकडे लग्न ठरताना मांडव पडण्याआधी याद्या होतात, कोण काय देणार आणि काय घेणार ते दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांसमोर लिहिले जाते. आरोग्यातल्या भागीदारीत मात्र आधी वरात निघते.

अटी आधी लिहिल्या तर काय साधते, याचे उदाहरण भारतातच आहे. सेफेइडचा सवलतीचा दर सरकारी कार्यक्रमांपुरता होता. आपला रुग्ण तर खोकला लागला की पहिल्यांदा गल्लीतल्या खासगी डॉक्टरकडे जातो. 2012 मध्ये सरकारने क्षयरुग्णाची नोंद सक्तीची केली आणि क्षयाच्या फसव्या रक्तचाचण्यांवर बंदी घातली. त्या चाचण्यांची जागा कशाने भरायची, हा प्रश्न खासगी लॅबपुढे उभा राहिला. 2013 मध्ये क्लिंटन हेल्थ अॅक्सेस इनिशिएटिव्हच्या पुढाकाराने खासगी लॅबचे एक जाळे तयार झाले. इपॅक्ट हे त्याचे नाव. सौदा सरळ होता: लॅबला चाचणी सवलतीत मिळेल, बदल्यात रुग्णाकडून ठरलेल्या कमाल दराहून जास्त घ्यायचे नाही, रुग्णाची नोंद सरकारला कळवायची आणि दर्जा राखायचा. तो कमाल दर 2000 रुपयांच्या घरात होता आणि तो सगळ्यांना माहीत होता. काउंटरवर जास्त पैसे मागितले तर रुग्णाचा नातेवाईक वाद घालू शकत होता. जाहीर अटीचा हा साधा उपयोग आहे.

आता गोव्याकडे वळतो, कारण तिथे आपल्या परिषदेचा थेट संबंध येतो. ट्रूनॅट ही क्षयचाचणी म्हणजे बंगळुरूच्या बिगटेक आणि गोव्याच्या मोलबायो या कंपन्यांचे काम. बॅटरीवर चालणारे, वातानुकूलित खोली न मागणारे यंत्र, तासाभरात निकाल. गडचिरोलीतल्या भामरागडसारख्या ठिकाणी जिथे वीज कधी जाईल सांगता येत नाही, तिथे हे यंत्र अमेरिकी यंत्रापेक्षा सरस ठरू शकते. सुरुवातीच्या टप्प्यात सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेच्या योजनेतून पैसा मिळाला, पडताळणीत आयसीएमआर होती, 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि 2022 मध्ये सिंगापूरच्या टेमासेकने गुंतवणूक केली. एका गोवेकर कंपनीची यंत्रे आफ्रिकेत जाताहेत याचा आनंद मलाही आहे. पण दर चाचणीला लागणारी ट्रूनॅटची चिप ट्रूनॅटच्याच यंत्रात चालते, जसे जीनएक्स्पर्टचे कार्ट्रिज जीनएक्स्पर्टमध्येच. यंत्र एकदा तालुक्याला बसले की पुढची दहा वर्षे विकणारा एकच असतो. तो स्वदेशी आहे म्हणून दराचे गणित बदलत नाही. उद्या मालकी बदलली तर चिपच्या दराचे काय, याचे उत्तर आयसीएमआरच्या किंवा कार्यक्रमाच्या कुठल्या कागदावर आहे? असेल तर तो कागद दाखवा.

विकणारे अनेक असले की काय होते, ती उलट बाजूही आपण पाहिली आहे. मार्च 2020 मध्ये आपल्याच परिषदेने खासगी लॅबमधल्या कोविड चाचणीला 4500 रुपयांची मर्यादा घातली. त्याच महिन्यात पुण्याच्या मायलॅबचे किट आले, मग इतर कंपन्यांची आली. आरटीपीसीआरची यंत्रे खुली होती, कुणाचेही किट चालत होते. 31 मार्च 2021 ला महाराष्ट्र सरकारने दर 500 रुपयांवर आणला. वर्षभरात 4500 चे 500! सरकारचा बडगा होताच, पण विकणारे अनेक नसते तर तो बडगा चालला नसता. त्या साथीत घेतलेली आरटीपीसीआर यंत्रे वैद्यकीय महाविद्यालयांत आजही आहेत. त्यांच्यावर चालणाऱ्या क्षयचाचणीची, हैदराबादच्या ह्युवेल कंपनीच्या किटची, पडताळणी आपण केलीत. माझ्या मते परिषदेने अलीकडे टाकलेले हे सर्वांत शहाणे पाऊल आहे. अशी आणखी चार किटे यावीत.

करार झाकून ठेवल्याने परिषदेचेही भले होत नाही, हे परिषदेच्या भागीदारीतून आलेल्या कोवॅक्सिन लशीने दाखवले. निव्वळ विक्रीवर 5 टक्के रॉयल्टी ठरली होती हे लोकांना नंतर समजले. पेटंटच्या अर्जात आयसीएमआरचे नावच नाही, ते 2024 मध्ये मागाहून घालावे लागले, हेही वर्तमानपत्रांतून कळले. करार पहिल्या दिवशी संकेतस्थळावर असता, तर ती चूक एखाद्या विद्यार्थ्यानेही दाखवून दिली असती.

म्हणून मागणी अशी. परिषदेच्या पैशाने, नमुन्यांनी किंवा पडताळणीने पुढे आलेल्या प्रत्येक निदानचाचणीचा करार जाहीर करा. व्यापारी गुपिते म्हणजे प्राइमर, रसायने, कारखान्याची पद्धत. ती खुशाल झाका. दर, खपानुसार उतरणारा दर, मालकी बदलल्यास अटींचे काय आणि यंत्र बिघडल्यास किती दिवसांत कोण दुरुस्त करणार, हे गुपित नव्हे. दुरुस्तीचे कलम तर पहिल्या पानावर हवे. गडचिरोलीत यंत्राचे मॉड्यूल बंद पडले आणि अभियंता नागपूरहून तीन आठवड्यांनी आला, तर त्या काळात रुग्ण घरी खोकत बसतो आणि घरच्यांना जंतू वाटतो. शिवाय सवलतीचा दर फक्त सरकारी खरेदीला नको, ठरलेल्या दरमर्यादेत चाचणी करणाऱ्या खासगी लॅबलाही हवा.

या अटी घालण्याची ताकद आपल्याकडे शिक्का मारण्याच्या आदल्या दिवसापर्यंतच असते. यंत्रे गावोगाव बसली की सरकार साधे गिऱ्हाईक उरते. क्षयरोगाच्या जगातल्या दर चार रुग्णांमागे साधारण एक भारतीय आहे, आणि इतके मोठे गिऱ्हाईक असूनही आपण पडेल त्या दराने घेत आलो. पुढची चाचणी, मग ती जिभेवरून घेतलेल्या नमुन्याची असो की आणखी कशाची, आपल्या टेबलावर येईल तेव्हा शिक्का उचलण्याआधी करार लोकांसमोर ठेवा, ही विनंती.



आपला,
मुंबईतील एक आरोग्य-पत्रकार