बोलून लिहायचा माइक

पुसदहून एक भगिनी लिहितात, "मनगट दुखतं, म्हणून सासूबाईंच्या आठवणी संगणकाला तोंडी सांगते. पण तो भलतंच टाइप करतो. महागडा माइक घेऊ का?"

थांबा बाई! आधी कूलर बंद करून पाहा. आपल्या यवतमाळकडे उन्हाळ्यात त्याच्याशिवाय निभाव नाही, अन् माइक त्याची घरघरही इमानाने ऐकतो. भाषा मराठीच निवडलीय ना, तेही बघा. गूगलने २०१७ साली ती सोय केली. तरी चुकलंच, तर समोरचा आवाज घेणारा 'कार्डिऑइड' यूएसबी माइक मागा. चौफेर ऐकणारा भजनाच्या बैठकीला बरा. त्याचं तोंड कोणतं, ते दुकानातच विचारून घ्या. तोंड आपल्याकडे, वीतभर अंतरावर. पाठ कूलरकडे, पण वाऱ्याचा झोत थेट त्याच्यावर नको.