पडद्यामागची पंगत

गेल्या हिवाळ्यांतील गोष्ट. आमची मधली नात गाणें शिकते. एका प्रख्यात गवयाच्या बैठकीस मागें तंबोरा घेऊन बसण्याचा योग तिला प्रथमच आला, तेव्हां घरांत केवढा आनंद झाला! तिच्या आजीनें ठेवणींतली इरकली काढून दिली, थोरल्या वहिनींनीं दृष्ट काढली. परंतु रात्रीं ती परत आली ती पानावर न बसतां तडक माडीवर गेली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं हळूहळू सर्व उलगडा झाला. बैठक चालू असतां तंबोऱ्याची एक तार किंचित् उतरली. बुवांनीं भर सभेंत मागें वळून असे शब्द काढले कीं पुढच्या रांगा हंसल्या. मध्यंतरांत रंगपटांत फराळ आला, तो बुवांच्या आणि चालकांच्या पुढें. तंबोऱ्यावरच्या दोघी मुलींना पाणी तरी हवें काय, हें कोणीं विचारलें नाहीं. तेच बुवा दाराशीं आलेल्या एका धनिक गृहस्थाशीं मात्र साखरेहून गोड बोलत होते. इतकें सांगून झाल्यावर नात आम्हांस म्हणाली, "आजोबा, मोठं गाणं यायला असं वागावंच लागतं का?"

घर मोठें असलें म्हणजे एका प्रश्नास चार उत्तरें मिळतात. थोरल्या वहिनी म्हणाल्या, कलावंताचा राग म्हणजे दुधाचा उतू. क्षणांत खालीं बसतो, मनावर घेऊं नये. धाकट्या बंधूंचें मत असें कीं गाणें ऐकावें आणि घरीं यावें. गवयाचा स्वभाव पाहण्याचें आपणांस कारण काय? सूनबाई मात्र उसळून म्हणाल्या, "ज्या सुरावर उभं राहायचं, त्या सुराचाच पाणउतारा?" आम्हीं त्या वेळीं कांहींच बोललों नाहीं. पस्तीस वर्षें शाळेंत काढलेल्या माणसास एक गोष्ट कळलेली असते, ती ही कीं मुलानें मनापासून विचारलेल्या प्रश्नाला घाईनें उत्तर देऊं नये. तें उत्तर आज येथें देत आहों.

आमची विद्या मॅट्रिकची. तिच्या जोडीला काय तें थोडें संस्कृत. त्या संस्कृतांत 'नेपथ्य' असा एक फार मार्मिक शब्द आहे. नटाचा वेष तोही नेपथ्य, आणि तो वेष ज्या पडद्याआड चढवावयाचा ती जागाही नेपथ्यच. पण जेथें वेष चढवितात तेथेंच तो उतरवितातही. म्हणून गवयाचें गाणें समोर बसून ऐकावें. पण गवई कसा आहे, हें पडद्याआड जाऊन तंबोरेवाल्यास, तबलजीस, बिछायत उचलणाऱ्या गड्यास आणि ध्वनिक्षेपकाच्या तारा जोडणाऱ्या पोरास विचारावें. त्यांच्यापुढें वेष नसतो.

आतां आमच्या पुण्याच्या हवेंतलींच उदाहरणें घेऊं. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७). प्रेक्षकांस ते 'मायबाप' म्हणत. हा शब्द पुष्कळांच्या तोंडीं असतो. त्यांनीं त्याची किंमत मोजली. १२ मार्च १९११ रोजीं किर्लोस्कर मंडळीच्या 'मानापमाना'चा मुंबईस पहिला प्रयोग होता, आणि त्याच दिवशीं त्यांची तान्ही मुलगी वारली. प्रयोग झाला. या गोष्टीचें कौतुक करतांना लोक नटाच्या धैर्याविषयीं बोलतात. आम्हांस तींत आणखी एक गोष्ट दिसते. नाटक थांबलें असतें तर नुसता प्रेक्षक हिरमुसला नसता. पडदे ओढणाऱ्यापासून आचाऱ्यापर्यंत ज्यांची चूल त्या तिकिटांवर पेटत होती, त्यांचाही प्रश्न होता. पुढें १९१३ सालीं गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. उस्ताद अहमदजान थिरकवा यांच्यासारखे तबलानवाज आणि कादरबक्षांसारखे सारंगिये तेथें साथीस होते. नाटकाच्या तबल्याला मैफलीच्या तबल्याची प्रतिष्ठा देणें हा साथीदाराचा मोठाच सत्कार नव्हे काय?

परंतु खरें तें सर्व सांगावें. बालगंधर्वांचा हात सढळ होता आणि हिशेबाचें व त्यांचें कधीं जमलें नाहीं. मंडळीस कर्जानें ग्रासलें. दिलदार धन्याचें गणित चुकलें म्हणजे त्याचा चटका स्वयंपाकघरास आणि पगाराच्या वहीस अगोदर बसतो, हें आम्ही गृहस्थाश्रमी माणसांनीं विसरूं नये. आश्रितांवर माया हवी. पण महिन्याचा पगार महिन्यास देणें हीही मायाच आहे. या बाबतींत हिराबाई बडोदेकरांचें स्मरण होतें. १९२९ सालीं त्यांची स्वतःची नाटक मंडळी निघाली. ती तोट्यांत गेल्यावर झालेलें कर्ज बाईंनीं गाण्याच्या बैठकी करून फेडलें. त्यांच्या गळ्यांतील मार्दवाची स्तुति सर्वांनीं केली आहे. लोकांचा पैसा बुडवूं न देणें हें त्याच मार्दवाचें दुसरें रूप, असें आम्ही समजतों.

पंडित भीमसेन जोशी यांचें उदाहरण तर पुणेकरांच्या डोळ्यांपुढचें. १९२२ सालीं जन्मलेला हा मुलगा गाण्यासाठीं घर सोडून पळाला, आगगाड्यांतून भटकला आणि १९३६ सालीं कुंदगोळास सवाई गंधर्वांच्या पायांशीं स्थिरावला. गुरुगृहीं पाणी भरण्यापासून पडेल तें काम त्यांनीं केलें. सवाई गंधर्व १९५२ सालीं पुण्यांत निवर्तले. त्यांच्या पुण्यतिथीनिमित्त १९५३ पासून महोत्सव सुरू झाला आणि पंडितजी आयुष्यभर त्याचे आधारस्तंभ राहिले. नवे-जुने सर्व गाऊन गेल्यावर अखेरीस स्वतः गावयाचें, हा त्यांचा तेथला प्रघात होता. घरच्या कार्यांत कर्ता पुरुष शेवटच्या पंगतीस बसतो, तसाच हा प्रकार! स्वतः मोटार हांकीत साथीदारांसह गांवोगांव बैठकींस जाणारे पंडितजी जुन्या पुणेकरांनीं पाहिले आहेत. त्यांच्या अभंगांना टाळाची साथ करणारे माउली टाकळकर हे आमच्या मंडईंत भाजीचा व्यवसाय करणारे गृहस्थ. लाखों लोकांच्या कानांत भीमसेनजींचा अभंग आहे, त्यांतच तो टाळही आहे. मोठ्या गवयाच्या मांडीशेजारीं मंडईंतल्या टाळकऱ्याची जागा कायमची ठरावी, यांत वारकरी पंथाचा सगळा समभाव आला.

येथें कोणी म्हणेल, मग गानसरस्वती किशोरी आमोणकरांचें काय? त्यांचा दरारा सर्वश्रुत होता. श्रोत्यांनीं कुजबुज केली, चालकांकडून व्यवस्थेंत ढिलाई झाली कीं त्या भर सभेंत बोलत. 'ताई फार कडक' असें पुष्कळांनीं म्हटलें. परंतु त्यांच्या लहानपणाकडे पाहावें. मातोश्री मोगूबाई कुर्डीकर यांच्यासह त्या प्रवास करीत. त्या काळीं गाणाऱ्या बाईला किती तुटपुंजी बिदागी मिळे, कोणत्या दर्जाचा प्रवास पदरीं येई आणि उतरण्याची सोय कशी असे, हें त्यांनीं मुलाखतींतून सांगितलें आहे. आईचा तो अपमान ज्या मुलीनें पाहिला, तिनें मोठी झाल्यावर स्वरमंचाभोवतीं एक कुंपण घातलें, तर त्यास आम्ही अहंकार म्हणणार नाहीं. गातां गातां बोलणाऱ्या बड्या पाहुण्यास गप्प करणें निराळें, आणि तंबोऱ्यावरच्या पोरीला रडविणें निराळें. रसिकांनींही हें ध्यानांत ठेवावें. गाण्यापूर्वीं रंगपटांत गवई सूर लावीत असतो, आणि आमची मंडळी फोन पुढें करून छायाचित्रासाठीं गर्दी करतात. तो वैतागला म्हणजे 'काय हा गर्व!' म्हणत परततात. देवळांत पुजारी अभिषेकांत असतां आपण त्याच्या खांद्यावर हात ठेवतों काय?

दूरदेशींचें एक उदाहरण येथें फार शोभतें. ऑस्ट्रियांत हायडन नांवाचा थोर संगीतरचनाकार एस्टरहाझी सरदाराच्या पदरीं वाद्यवृंदाचा प्रमुख होता. १७७२ सालीं सरदारांचा मुक्काम उन्हाळी वाड्यांत लांबतच चालला. वादकांचीं कुटुंबें दूर गांवीं. मंडळी घरच्या ओढीनें कासावीस झाली. धन्यास स्पष्ट सांगण्याची छाती कोणाची? तेव्हां हायडननें एक रचना केली. तिच्या अखेरीस एकेक वादक आपलें वाजविणें संपवून पुढची मेणबत्ती विझवी आणि उठून जाई. शेवटीं दोनच सारंगिये उरत. सरदार समजला, आणि लौकरच सर्वांस घरीं जाण्याची परवानगी झाली. ज्याचें नांव मोठें, त्यानें तें नांव आपल्या माणसांसाठीं असें खर्चावें! ते वादक हायडनला 'बाबा' म्हणत, यांत नवल तें काय?

म्हणून आमची कसोटी अगदीं साधी आहे. मनुष्य कोणावर रागावतो यापेक्षां, ज्याला उलट उत्तर देतां येत नाहीं त्याच्यावर तो कसा रागावतो, हें पाहावें.

पण ही कसोटी गवयांसच लावून आम्ही मोकळे झालों, तर ती लबाडी होईल. पलुस्करबुवांची कथा प्रसिद्ध आहे. मिरजेस एका सार्वजनिक समारंभाचें आमंत्रण शिष्य विष्णु दिगंबरांस आलें, गुरु बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांस आलें नाहीं. 'गवयास कशाला?' अशी त्या काळच्या प्रतिष्ठितांची दृष्टि होती. तें शल्य घेऊन बुवांनीं १८९६ सालीं मिरज सोडली, आणि ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय उघडलें. तेव्हां अपमान करणारे गवई नव्हते. आपल्यासारखेच सुशिक्षित यजमान होते.

आणि आमच्या घराचें काय? आम्ही दहा वर्षांचे असूं, सन १९७० च्या आसपास. सदाशिव पेठेंतल्या आमच्या वाड्यांत गणेशोत्सवांत दरसाल एक बैठक होई. त्या वर्षीं आलेले गवई आमच्याच ज्ञातीचे होते, तबलजी मुसलमान. गाणें अप्रतिम झालें. नंतर माजघरांत पाट मांडले, रांगोळ्या घातल्या. ओसरीच्या टोकाला मात्र एकच पत्रावळ वाढली होती, आणि तिच्याशेजारीं कान तुटलेला एक कप. तो कप एरवीं जिन्याखालच्या कोनाड्यांत निराळा ठेवलेला असे. ती पत्रावळ आणि तो कप तेथें नेऊन ठेवणारे हात आमचे होते. त्यांत कांहीं वावगें आहे, असें तेव्हां आमच्या मनांतही आलें नाहीं.

गवई पाटावर बसले, चित्राहुती घातल्या, आणि इकडेतिकडे पाहून म्हणाले, "आमचे खांसाहेब कुठे बसले?" वडील म्हणाले, "त्यांची सोय बाहेर केली आहे." गवयांच्या चेहऱ्यावर राग दिसला नाहीं. ते उठले, आपलें पान दोन्ही हातांनीं उचललें आणि ओसरीवर जाऊन त्या पत्रावळीशेजारीं मांडी घालून बसले. एवढेंच म्हणाले, "दोन तास आम्ही दोघं एकाच समेवर येत होतो. आता जेवणात सम चुकवून कसं चालेल?"

माजघरांत इतकी शांतता पसरली कीं पळीचा आवाज ऐकूं यावा. आजी देवघरांत निघून गेली. वडील क्षणभर उभेच राहिले. मग त्यांनीं वरणाचें भांडें स्वतः उचललें, ओसरीवर गेले आणि प्रथम खांसाहेबांस वाढलें. त्या रात्रीं कोणीं कोणास उपदेश केला नाहीं. दुसऱ्या वर्षीं पंगत एकच होती. जिन्याखालच्या कोनाड्यांत तो कप नव्हता. कोणीं काढला, हें कोणीं विचारलें नाहीं.

त्या गवयांनीं त्या दिवशीं काय गाइलें, हें आम्हांस आज आठवत नाहीं. पान उचलतांना त्यांचे हात कसे होते, तें मात्र आठवतें.

तेव्हां, नातीस आमचें उत्तर असें: मोठें गाणें येण्यासाठीं असें वागावें लागत नाहीं. ज्यांना तें आलें आणि जे असें वागले, त्यांना तें या वागण्यामुळें आलेलें नाहीं. तें असूनही आलें आहे. आपण गाण्यापुढें वांकावें, पण त्या निमित्तानें होणाऱ्या अन्यायास गाण्याचें अंग समजूं नये.

आणि वाचकहो, आपणांस एक विनंती. आपल्या घरीं वा संस्थेंत पुढें बैठक ठरेल, तेव्हां बिदागीचा आंकडा ठरवितांनाच साथीदारांची बिदागी, त्यांचें येणें-जाणें आणि त्यांचें जेवण हेंही ठरवावें. पहिला चहा तंबोऱ्यावरच्या मुलांस द्यावा. तीं सर्वांच्या आधीं येऊन बसलेलीं असतात. रात्रीं सतरंज्या गुंडाळणाऱ्या माणसास नांवानें हांक मारावी.

आमची नात पुन्हां तंबोऱ्यावर बसूं लागली आहे. त्या बुवांच्या मागें बसण्याचें बोलावणें मध्यंतरीं पुन्हां आलें होतें. ती गेली नाहीं, आणि आम्हींही आग्रह केला नाहीं.